राइफ म्हणजे सुळसुळाट

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. बहिणीला तर नाहीच — आणि तिला मी भाजी करपली तरी फोन करून सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि माझा हात हातात घेऊन "जाऊ दे गं, होतं असं" म्हणणार नाही. कोणी तसं म्हटलं तर माझं डोकं फिरेल. आधीच फिरलेलं आहे.

एका शब्दाची गोष्ट आहे. इंग्रजी शब्द. आर, आय, एफ, ई — राइफ. विशेषण. आलं ना हसू? एवढंसं चार अक्षरांचं विशेषण, त्याचा कसला आलाय कबुलीजबाब! मीही स्वतःला हेच ऐकवत आले. एका शब्दाने कुणाचं काय वाकडं होतं? होतं. ज्याला नोकरी असते, घर असतं, ज्याच्या बोलण्याला लोक मान डोलावतात, त्याचं काही होत नाही. बाकीच्यांचं होतं.

मीरा रोडला, शांती नगरमध्ये, माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. क्लास म्हणजे घरातला हॉल. सोफा भिंतीला सरकवायचा, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, शोकेसला टेकवून पांढरा बोर्ड उभा करायचा. सकाळी मी जवळच्याच एका खासगी इंग्रजी शाळेत चौथीला शिकवायचे आणि दुपारी हा क्लास. बायकाच यायच्या. कुणाला मुलाच्या शाळेतल्या मीटिंगला तोंड उघडायचं होतं, कुणाला मॉलमध्ये नोकरी हवी होती, कुणाला सुनेसमोर मान खाली घालायची नव्हती. माझं स्वतःचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं, लालबागच्या चाळीत राहून. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी 'डेव्हलप'चा उच्चार 'डेव्हलोप' केला आणि अख्खा वर्ग हसला. हे दया यावी म्हणून सांगत नाही. ज्या बाईला त्या हसण्याचा चटका माहीत होता, तिनेच पुढे काय केलं ते तुम्हाला नीट दिसावं म्हणून सांगतेय.

मी रोज बोर्डावर एक शब्द लिहायचे. एका आठवड्यात आम्ही 'भरपूर' घेतलं होतं. मला त्या आठवड्याचा फार अभिमान होता. मी सांगितलं, बायांनो, मराठीत बघा, भरपूर म्हटलं तरी प्रत्येक वस्तूचा शब्द वेगळा. पैसा बक्कळ असतो, पाणी मुबलक असतं — यावर सगळ्या हसल्या, कारण इथे मीरा-भाईंदरमध्ये पाण्याला मुबलक म्हणायला जीभ धजत नाही. इंग्रजीचंही तसंच. अँपल म्हणजे पुरून उरेल इतकं, आणि त्याच्यामागे 'ऑफ' लावायचं नाही, 'अँपल ऑफ टाइम' म्हणाल तर कान पिळीन. प्लेंटीला मात्र 'ऑफ' लागतं. प्रोफ्यूज म्हणजे वाहून जाईल इतकं — घाम, रक्त, नाहीतर माफी. किती छान शिकवत होते, नाही? छानच शिकवायचे मी. रागाने सांगतेय, पण खरं आहे.

आणि आठवड्याच्या शेवटी मी बोर्डावर लिहिलं — राइफ. आदल्या दिवशी पेपरात एका बिल्डरचं चकचकीत पत्रक आलं होतं. नव्या टॉवरचं. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की हा परिसर संधींनी राइफ आहे. मला शब्द आवडला. छोटा, धारदार. डिक्शनरी शोकेसमध्येच होती, हात लांबवला असता तर मिळाली असती. मी हात लांबवला नाही. बोर्डावर अर्थ लिहिला — 'रेलचेल असलेला'. खाली वाक्य दिलं, बाजारात आंब्यांची रेलचेल आहे, द मार्केट इज राइफ विथ मँगोज. बिल्डरच्या जाहिरातीवर विश्वास ठेवून इथे लोकांनी घरं घेतली आणि गळकं छप्पर पदरात पडलं. मी तर शब्द घेतला.

क्लासला हेतलबेन म्हणून एक बाई यायच्या. नवऱ्याचं कपड्यांचं दुकान, स्वतः हुशार, आणि मला सतत तपासायची सवय. प्रत्येक शब्दाला विचारायच्या, "मॅडम, पक्का ना?" त्या दिवशीही विचारलं. मी म्हटलं, "एकदम पक्का."

दोन-चार दिवसांनी इंग्रजी पेपरात मथळा वाचला, शहरात डेंग्यू राइफ. चहाचा कप हातात होता, तो तसाच ठेवला. डेंग्यूची रेलचेल? मग उठून डिक्शनरी काढली. वाईट, नकोशा गोष्टी जिकडेतिकडे माजलेल्या असणे — रोगराई, भ्रष्टाचार, अफवा. आणि मराठी शब्द आपोआप समोर उभा राहिला. सुळसुळाट. रेलचेल आणि सुळसुळाट, दोन्हीत भरपूरच असतं. पण पंगतीत पक्वान्नांची रेलचेल असते आणि गोदामात उंदरांचा सुळसुळाट. लग्नघरात जाऊन म्हणून बघा, "वा, तुमच्याकडे पाहुण्यांचा सुळसुळाट झालाय!" पुन्हा कोणी पत्रिका देणार नाही.

चूक झाली होती. चूक कुणाची होत नाही? त्या चुकीबद्दल मला आजही काही वाटत नाही, हे लक्षात ठेवा. मी ज्यासाठी हे लिहितेय ती चूक नाहीच.

पुढच्या वर्गात सांगायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण मी खडूस चेहऱ्याने बोर्ड पुसत असतानाच वर्गातली सुजाता उभी राहिली. तिने घरी वाक्य करून आणलं होतं — माझ्या आईचं घर पाहुण्यांनी राइफ असतं. उच्चार स्वच्छ, व्याकरण बरोबर. बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. हेतलबेन माझ्याकडे बघत होत्या. आता मी म्हणणार, की बायांनो, मीच चुकीचं शिकवलं? आणि मग त्या खाली उतरल्या की गेटवरच सांगणार, मॅडम को ही नहीं आता? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी "व्हेरी गुड, सुजाता" म्हणाले आणि पुढचा शब्द लिहिला.

सुजाता वाघमारे. भाईंदर पूर्वेला नवघरला राहायची, बसने यायची. आईवडील नांदेडकडचे, वडिलांनी इकडे कारखान्यात नोकरी केली. तिचं बी.ए., बी.एड. झालेलं, सगळं मराठीतून. दोन मुलं, नवरा कुरिअर कंपनीत. बाकीच्या बायकांना इंग्रजी बोलायचं होतं, सुजाताला शिकवायचं होतं. "मॅडम, आमच्या घरात शिकवणारी मी पहिली असेल," असं ती मला एकदा भांडी आवरायला मदत करताना म्हणाली होती. हो, भांडीसुद्धा आवरायची. मी नको म्हणायचे नाही.

आमच्या शाळेत प्राथमिकला शिक्षिकेची जागा निघाली तेव्हा मीच तिला म्हटलं, अर्ज कर. माझं नाव सांग. केवढा मोठेपणा! तिला नोकरी लागली असती तर मी शांती नगरभर सांगत फिरले असते, माझी विद्यार्थिनी. उमेदवारांनी दोन गोष्टी करायच्या होत्या. मुलांपुढे एक धडा शिकवायचा, आणि आपल्या परिसरावर इंग्रजीत एक परिच्छेद लिहून आणायचा. आदल्या संध्याकाळी तिने तो कागद मला दाखवायला आणला.

इथे मला थांबावंसं वाटतंय. पण थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखते.

पहिलंच वाक्य होतं, माय लोकॅलिटी नवघर इज राइफ विथ गुड पीपल. माझं नवघर चांगल्या माणसांनी — आणि पुढे तो शब्द. मी पेन उघडलं. एका ठिकाणी 'इन'चं 'अॅट' केलं. एक स्वल्पविराम घातला. 'नेबर'चं स्पेलिंग नीट केलं. माझं पेन त्या शब्दापाशी थांबलं, आणि पुढे गेलं. कळतंय का तुम्हाला? एक रेघ मारायची होती. कारणही द्यायचं नव्हतं, "इथे फुल ऑफ लिही, सोपं वाटतं" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ती विचारणारी होती. का मॅडम, म्हणाली असती. आणि मला त्या 'का'ला उत्तर द्यायचं नव्हतं. म्हणून मी कागद परत दिला आणि म्हटलं, "मस्त झालंय." ती माझ्या पाया पडली. पडू दिलं मी तिला.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात धडा शिकवला. फार चांगला. मुलं तिच्या मागे लागली होती, अजून एक गोष्ट सांगा म्हणून. मग तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि आम्ही तिघं आत बसलो. प्रिन्सिपॉल मॅडम, ज्यांना मराठी जेमतेम कळायचं. शाळेचे एक ट्रस्टी, ज्यांना इंग्रजी जेमतेम कळायचं. आणि दोन्ही कळणारी मी, म्हणून तर मला बसवलं होतं.

प्रिन्सिपॉल मॅडमनी कागद वाचला आणि त्यांना हसू आवरेना. राइफ विथ गुड पीपल! लाइक मॉस्किटोज! ट्रस्टींना काही समजलं नाही. ते माझ्याकडे बघू लागले. मॅडमनी विचारलं, ही तुमच्याच क्लासची ना?

मी म्हणाले, "काही दिवस येत होती. हे मी शिकवलेलं नाही."

असं, सरळ. आवाजही कापला नाही. वर ट्रस्टींना समजावूनही दिलं — साहेब, राइफ म्हणजे सुळसुळाट. उंदीर, ढेकूण, रोगराई, असल्या गोष्टींसाठी वापरतात. अर्थ किती चोख सांगितला बघा! हॉलमध्ये माझ्या तोंडून जो निघाला नाही तो तिथे खडखडीत बाहेर पडला.

ट्रस्टींना गंमत वाटली. "म्हणजे चांगल्या माणसांचा सुळसुळाट!" पोट धरून हसले. मग त्यांनी अर्जावरचं आडनाव पुन्हा एकदा वाचलं, कागद टेबलावर टाकला आणि म्हणाले, "काय सांगायचं मॅडम, हल्ली अशाच उमेदवारांचा सुळसुळाट झालाय."

अशाच म्हणजे कशाच, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. सुजाता बौद्ध, हे आडनावावरून त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला. प्रिन्सिपॉल मॅडमना मात्र मराठी समजलं नाही. त्यांनी मला विचारलं, काय म्हणाले सर?

आता बघा. मला काही बोलायची सक्ती नव्हती. "काही नाही" म्हणता आलं असतं. पाणी प्यायला उठता आलं असतं. मी काय केलं? मी भाषांतर केलं. हसत हसत. "सर म्हणतात, सच कँडिडेट्स आर राइफ दीज डेज."

अचूक वाक्य होतं. त्या शब्दाचा इतका अचूक वापर मी आयुष्यात कधी केला नव्हता. सगळे हसले, आणि त्यात माझाही आवाज होता. दार बंद होतं, पण आमच्या शाळेची दारं पातळ आहेत. आतलं हसणं बाहेर बाकावर ऐकू गेलं असणारच.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सुजाताला सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण ती 'माझी' होती. मी बाहेर गेले. ती उठून उभी राहिली, साडीच्या निऱ्या नीट करत. तिने चेहऱ्यावरूनच ओळखलं. "काय चुकलं मॅडम?" म्हणाली. आणि मी — चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना — मी तिच्यावर खेकसले. राइफ असा वापरतात का? डोळे कुठे असतात वर्गात? माझी मान खाली गेली तिथे! बाजूने शिपाई जात होता, त्याच्यासमोर बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सॉरी मॅडम. माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं."

ती नंतर क्लासला आली नाही. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, की मला बरं वाटलं.

लोक म्हणतात इंग्रजीने माणसं मारली. मला या बोलण्याचा संताप येतो. बिचाऱ्या इंग्रजीने काय केलं? शब्द डिक्शनरीत आपल्या जागी मुकाट बसला होता. आणि ते ट्रस्टी? त्यांचा राग येतो, पण तो राग मला फार सोयीचा आहे, म्हणून मी तो बाजूला ठेवते. ते जे बोलले ते त्यांच्या मनात होतंच. माझ्या मनात नव्हतं, असं मी इतकी वर्षं समजत होते. नव्हतं, तर मग ते इतक्या सहज जिभेवर कसं आलं? हेतलबेनने तेच वाक्य लिहून आणलं असतं, तर मी "हे मी शिकवलेलं नाही" म्हणाले असते का? माझ्या चाळीतल्या एखाद्या मुलीबद्दल ट्रस्टी तसं बोलले असते, तर मी ते हसत इंग्रजीत केलं असतं का? उत्तर मला माहीत आहे.

क्लास मी पुढे कधीतरी बंद केला. पश्चात्तापाने नाही, गुडघे दुखायला लागले म्हणून.

आणि मग यंदा डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये गेले, तर काउंटरवर सुजाता. कॉम्प्युटरवर पावत्या करत होती. केसांत पांढरं दिसायला लागलंय. मी मागे फिरणार होते, पण तिनेच हाक मारली. "अय्या मॅडम! या ना, इकडे बसा. उपाशी आलात ना? टेन्शन नका घेऊ, तुमचा नंबर लवकर लावते." माझ्यासाठी खुर्ची ओढली. गर्दी ओसरल्यावर काउंटरमागून बाहेर येऊन शेजारी बसली. मी विचारलं, शिकवणं वगैरे? ती म्हणाली, "सोडलं मॅडम ते. त्याच्यानंतर इंटरव्ह्यूला गेलेच नाही कुठे. इंग्लिशमध्ये तोंड उघडलं ना, की ते हसणं ऐकू यायचं. इथे बरं आहे, सगळे हिंदीतच बोलतात."

म्हणजे ऐकू गेलं होतं.

मी पर्समध्ये डॉक्टरांची चिठ्ठी शोधायला लागले. आणि तीच माझी समजूत काढायला लागली. आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगू का मॅडम? रागावू नका. त्या दिवशी घरी जाऊन मी मोबाईलवर बघितला तो शब्द. तुम्ही बोर्डावर दुसरंच लिहिलं होतं, मला पक्कं आठवत होतं. आमचे मिस्टर तर भडकलेच. बोलले, मॅडमनी मुद्दाम फसवलं तुला, जाऊन विचार. पण मी 'नाही' बोलले. मी त्यांना बोलले, मॅडमना पण माहीत नसेल तेव्हा. तिकडे आतमध्ये सगळ्यांसमोर कळलं असेल. त्यांची पण फजिती झाली असेल, म्हणून ओरडल्या मला. असंच झालं होतं ना मॅडम?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं नवऱ्याशी वाद घालून तिने माझी बाजू राखली होती, आणि आता फक्त एकदा माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

डिक्शनरी त्याआधीच उघडली होती, हे सांगायचं होतं. कागद हातात होता, पेन हातात होतं, हे सांगायचं होतं. आत कोण काय म्हणालं आणि ते इंग्रजीत कुणी केलं, हे सांगायचं होतं.

मी म्हणाले, "हो गं. मलाही तिथेच कळलं."

"बघा!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. "आज घरी गेल्यावर सांगते त्यांना."